कँडीटफ्ट: मुळा-मोहरीच्या भावकीतलं फूल, ओळखायचं कसं आणि वाढवायचं कसं

थंडी सुरू झाली की बेळगावात नर्सरीच्या दारात फ्लॉक्स, पिटुनिया, डायन्थस, व्हर्बिना सगळ्यांच्या काळ्या पिशव्या मांडलेल्या असतात, आणि त्यातच कुठंतरी बारीक बारीक पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या फुलांचे चपटे गुच्छ आलेलं एक रोप असतंय. विचारलं की सांगतात "कँडीटप हाय ओ". ऊन किती, पाणी किती, खत काय असं पुढं विचारलं की "सगळ्यास्नी घालता तसंच घाला". आता इथंच गडबड होते, कारण हे झाड सगळ्यांसारखं नाही, हे मोहरीच्या कुळातलं, म्हणजे मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांच्या भावकीतलं, आणि भावकीचे सगळे गुण-अवगुण त्याच्यात आहेत. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या परड्यात मुळा नीट येतो त्याला कँडीटफ्ट यायलाच पाहिजे, फक्त आधी झाड हातात घेऊन नीट बघायचं आणि मग खुरपं उचलायचं.

तर आधी बघायचं काय ते सांगतो.

फूल उघडून बघा

गुच्छाच्या अगदी कडेचं एक फूल तोडा, मधलं नको. पाकळ्या मोजा, चार भरतील. फ्लॉक्स आणि व्हर्बिना लांबून असेच दिसतात पण त्यांना पाच पाकळ्या असतात आणि त्या खाली एकमेकींना चिकटून नळी झालेली असते, इथं चारही पाकळ्या सुट्ट्या, एकेक वेगळी ओढून काढता येते. चार पाकळ्या समोरासमोर अधिकच्या चिन्हासारख्या, म्हणूनच ह्या कुळाला जुन्या पुस्तकांत क्रुसिफेरी म्हणायचे, आता ब्रासिकेसी म्हणतात.

पण थांबा, चारही पाकळ्या सारख्या आहेत का? नाहीत. गुच्छाच्या बाहेरच्या बाजूला तोंड केलेल्या दोन पाकळ्या चांगल्या मोठ्या आणि आतल्या बाजूच्या दोन एकदम लहान. ही ह्या झाडाची सगळ्यात पक्की खूण. मोहरीचं फूल बघा, मुळ्याचं बघा, चारही पाकळ्या एकाच मापाच्या असतात, पूर्ण कुळात बहुतेक सगळीकडं तसंच आहे, कँडीटफ्टनं मात्र वेगळी वाट धरली. गुच्छाच्या मध्याकडं येत जाल तसा हा फरक कमी होत जातो. ह्याच्यामागं एक जीन, म्हणजे जनुक आहे, ती आतल्या दोन पाकळ्यांत जोरात चालते आणि त्यांची वाढ दाबून ठेवते, हे पांढऱ्या कँडीटफ्टवर काम करून २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, आणि जिथं पाकळ्यांत ती जीन नीट चालत नाही अशा झाडाला चारही पाकळ्या मोठ्याच येतात. फायदा काय तर बाहेरच्या मोठ्या पाकळ्यांमुळं अख्खा गुच्छच एक मोठं फूल असल्यासारखा दिसतो आणि मधमाश्या लांबून येतात.

आता टाचणी घ्या आणि पाकळ्या बाजूला सारा. आत सहा पुंकेसर, त्यात चार उंच आणि दोन ठेंगणे, ठेंगणे दोन्ही बाजूंना एकेक. पीयुसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बॉटनी घेतलेल्या पोरांना हे पाठ असतंय, परीक्षेत हमखास येतंय, पण फूल उघडून किती जणांनी बघितलंय देव जाणे. घरात मुळा जून होऊन फुलावर आला असेल तर त्याचं एक फूल शेजारी ठेवून बघा, आत तोच हिशोब, चार उंच दोन ठेंगणे. नातं तिथंच सिद्ध होतंय.

गुच्छाबद्दल एक. सगळी फुलं एका पातळीवर कशी येतात? तर खालच्या फुलांचे देठ लांब आणि वरच्यांचे आखूड, ग्रुप फोटोत बुटक्यांना स्टुलावर उभं करावं तसं, त्यामुळं वरनं बघितलं की एकदम सपाट. ह्याला कोरिंब म्हणतात आणि आपल्या पुस्तकांत कोरिंबचं उदाहरण म्हणून कँडीटफ्टच दिलेलं असतंय. फुलं कडेकडनं उमलत आत जातात, म्हणजे कडेची फुललेली आणि मधे अजून कळ्या असा गुच्छ दिसला तर तो ताजा समजायचा.

कोणतं कँडीटफ्ट, हे शेंगेवरनं कळतं

बाजारात दोन येतात आणि दोन्हीला एकच नाव. एक आयबेरिस अंबेलाटा, गुलाबी, जांभळं, लालसर, फिकट जांभळं, पांढरं, मिक्स रंगाचं पाकीट असतंय ते बहुतेक हेच, उंची वीतभर ते फूटभर, वास जवळपास नाहीच. दुसरं आयबेरिस अमारा, हे पांढरं, वास असणारं, थोडं जास्त उभं वाढणारं. दोघांचीही नावं लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ मध्ये दिलेली, मूळचं पहिलं भूमध्य समुद्राच्या काठचं आणि दुसरं पश्चिम युरोपातलं, चुनखडीच्या जमिनीत वाढणारं. हे चुनखडीचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

फुलात असताना पांढऱ्या अंबेलाटा आणि अमारामध्ये गोंधळ होऊ शकतो. तेव्हा पानं बघा, अंबेलाटाची पानं भाल्यासारखी लांबट टोकदार, खालच्यांना थोडे दाते, वरच्यांना कडा सरळ. अमाराची पानं टोकाकडं रुंद होत जाणारी आणि कडेला मोजकेच बोथट दाते. तरीही खात्री नाही झाली तर पंधरा दिवस थांबा. फुलं गळून शेंगा धरायला लागल्या की अमाराचा दांडा लांब होत जातो, शेंगा एकाखाली एक अशा दांड्यावर पसरतात, अंबेलाटाचा मात्र गुच्छ तसाच आखूड राहतो आणि शेंगा वरतीच दाटीनं बसतात. ही खूण चुकत नाही.

शेंग म्हणायची पण ती मोहरीसारखी लांब नसते, चपटी, छोटी, दोन्ही बाजूला पंख आणि वरती मधोमध खाच. आत एक पडदा, पडद्याच्या ह्या बाजूला एक बी, त्या बाजूला एक बी, झालं, एका शेंगेत दोनच. मोहरीच्या शेंगेतही मधे असाच पडदा असतो, फक्त तिथं बिया रांगेनं असतात. मुळ्याची डिंगरी मात्र वेगळी, ती वाळली तरी आपणहून उकलत नाही.

भावकीतल्या आणखी दोघांशी गल्लत होते. अलिसम, ते अगदी जमिनीलगत पसरतंय, फुलं एकदम बारकी, चारही पाकळ्या सारख्या आणि मधासारखा वास. आणि स्टॉक, त्याची पानं राखाडी लवदार, फुलांना लवंगेसारखा वास, शेंग लांबच लांब. आणि हो, नेटवर बघून कोण कोण आयबेरिस सेंपरव्हिरेन्स मागवतात, ते वर्षानुवर्षं टिकणारं कँडीटफ्ट, थंड हवेत रमणारं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि नंतरच्या पावसात त्याचा निभाव लागणं अवघड, पैसे वाचवा.

मूळ कसं आहे त्यावर लावणी

रोप उपटून बघितलंत तर एक सोटमूळ सरळ खाली गेलेलं दिसेल, बाजूला तंतूमुळं थोडीच. मुळा आपण रोप करून दुसरीकडं लावतो का? नाही, जिथं पाहिजे तिथंच बी टोचतो. इथंही तेच करायचं. कोबी-फ्लॉवरची रोपं लावतात हे खरं, पण ती दणकट असतात, मार सोसतात, हे नाजूक आहे, सोटमूळ दुखावलं की रोप आठवडाभर रुसतंय आणि मग बुटकं राहून घाईघाईनं दोन फुलं देऊन संपतंय. म्हणून बी थेट वाफ्यात नाहीतर थेट कुंडीत. नर्सरीतनं आणणार असाल तर फुलांनी गच्च भरलेली पिशवी उचलू नका, बघायला छान दिसते पण तिचं वय झालेलं असतंय, त्यापेक्षा छोटं, नुकत्या कळ्या धरलेलं घ्या, पिशवी ब्लेडनं चिरा आणि मातीचा गड्डा न फोडता तसाच खड्ड्यात बसवा.

कधी पेरायचं? पाकिटावर काहीही लिहिलेलं असू दे, ते दुसऱ्या कुठल्यातरी हवेचं असतंय. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, थंडी बरी पडते, त्यामुळं हे फूल आपल्याकडं चांगलं येतंय, पण पूर्ण पट्ट्यात एकच तारीख चालत नाही. खानापूर, जांबोटी, बेळगावच्या पश्चिमेचा भाग, इथं परतीचा पाऊस रेंगाळतो आणि बारीक रोपं मुळाशी कुजून आडवी पडतात, म्हणून दसरा होऊ द्या मगच पेरा. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणीकडं पाऊस कमी पण ऑक्टोबरचं ऊन कडक, तिकडं दिवाळीच्या आसपास, रात्री गार व्हायला लागल्यावर. शेतातली रब्बीची पेरणी चालू झाली की समजायचं आपलीही वेळ झाली. बी उगवायला १५ ते २० डिग्री हवा मानवते, दहा दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात, चार दिवसांत काही दिसेना म्हणून माती उकरत बसू नका. पेरल्यापासून फूल यायला साधारण आठ ते दहा आठवडे, म्हणजे दसऱ्याला पेरलं तर नाताळच्या सुमाराला पहिले गुच्छ. एकदम सगळं बी न टाकता तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा पेरलं तर फुलं फेब्रुवारीपर्यंत पुरतात. शिमग्यानंतर ऊन तापलं की हे झाड संपणारच, कितीही पाणी घाला, त्याचा जन्मच तेवढ्यापुरता, बी धरून वाळायचं हेच त्याचं काम.

माती, आणि चुन्याची भानगड

मघाशी चुनखडीचं बोललो ना, ते इथं. आपल्या ह्या पट्ट्यात दोन वेगळ्याच दुनिया आहेत. बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापुरात तांबडी, जांभ्याची माती, जोरदार पावसानं धुऊन धुऊन आंबट झालेली. आणि पूर्वेला अथणी, गोकाक, रायबागकडं काळी माती, ती मुळातच चुनखडीची. कँडीटफ्टला आंबट माती आवडत नाही. त्यामुळं तांबड्या मातीवाल्यांनी पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी वाफ्यात एका चौरस मीटरला दोन मूठ विझवलेला चुना मिसळून पाणी मारून ठेवायचं. चुना आणि शेणखत एकाच दिवशी मिसळू नका, खतातला नत्र वाफ होऊन उडून जातो, दोन्हीत पंधरा दिवसांचं तरी अंतर पाहिजे. ज्यांच्याकडं अजून पाण्याचा बंब किंवा चूल पेटते त्यांनी लाकडाची राख चाळून घातली तरी चालतंय, तिनं आंबटपणाही कमी होतो आणि पालाशही मिळतो. लाकडाचीच राख पाहिजे पण, बंबात प्लास्टिक आणि चपला जाळत असाल तर ती नको.

काळ्या मातीवाल्यांनी चुन्याच्या वाटेला जाऊच नये, तिकडं अडचण पाण्याची, माती पाणी धरून बसते आणि सोटमूळ कुजतंय. गादीवाफा करा, वीतभर उंच, त्यात थोडी रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. कुंडीसाठी सरळ हिशोब, दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग रेती, आणि आठ इंची कुंडी तरी पाहिजेच, खोल, पसरट थाळ्यासारखी नको, सोटमुळाला जागा लागते. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली रोपं दिसायला हिरवीगार असतात पण दुपारी माना टाकतात.

बी अर्धा सेंटीमीटर खोल, वरनं बारीक माती भुरभुरायची, झारीनं हलकं पाणी. कुंडीत आठ-दहा बिया टाका आणि चार खरी पानं आली की तीनच ठेवा. वाफ्यात दोन रोपांत १५ ते २० सेंटीमीटर. ही विरळणी करायला लोकांचा जीव होत नाही, "उगवलेलं कसं उपटायचं" म्हणतात, आणि मग दाटीत सगळीच काडीसारखी उंच होतात, खालची पानं पिवळी, फूल म्हटलं तर रुपयाएवढं. उपटायचं नसेल तर कात्रीनं जमिनीलगत कापा, शेजारच्या मुळाला धक्का लागत नाही.

ऊन पूर्ण पाहिजे, सहा तास तरी. टेरेसवर चांगलं, पूर्वेकडची बाल्कनी असेल तरी चालेल, जिन्याखाली वगैरे विसरा.

खताचं म्हणाल तर जास्त लाड नको. युरिया घातला की नुसता पाला, कोबीला पाला पाहिजे म्हणून तिथं घालतात, इथं आपल्याला फूल पाहिजे. लावताना मातीत जे कंपोस्ट घातलं ते बहुतेक पुरतंय, कळ्या धरताना एकदा पातळ शेणकाला दिलात की झालं. आणि एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही म्हणून मी सांगतो, हल्ली मायकोरायझाची पाकिटं विकतात ना, मुळाशी राहून झाडाला मदत करणारी बुरशी, ती भारी गोष्ट आहे, मिरचीला, टोमॅटोला घाला, पण मोहरीच्या कुळातली बहुतेक झाडं त्या बुरशीशी दोस्ती करतच नाहीत. कँडीटफ्ट, अलिसम, कोबी, मुळा, ह्यांच्यात ते पाकीट ओतणं म्हणजे पैसे मातीत.

पाणी, वरची माती सुकली की द्यायचं, सकाळी, मुळाशी. गुच्छावर पाइपनं धार मारायची नाही, सपाट गुच्छात पाणी साचून फुलं तपकिरी होतात.

भावकीचे रोग

नातं आहे तर दुखणीही तीच. मावा सगळ्यात आधी, कोवळ्या शेंड्यांना आणि कळ्यांच्या देठांना चिकटून बसतो, ढगाळ हवा दोन दिवस टिकली की एकदम वाढतो. सुरुवातीला बोटानं पुसून काढा, नाहीतर पाण्याचा फवारा मारून खाली पाडा, जास्तच झाला तर कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, त्यात थोडा साबण, संध्याकाळी फवारायचं म्हणजे मधमाश्यांना त्रास नाही. पानाच्या खालनं पांढरे फोड आले तर तो पांढरा तांबेरा, मोहरीवर येतो तोच, तेवढी पानं तोडून लांब टाका आणि रोपांत हवा खेळू द्या. आणि मुळं गाठाळ होऊन रोप ऊन चढलं की कोमेजत असेल तर ते सगळं उपटून टाका, कंपोस्टच्या खड्ड्यात नको.

आता गंमत, अळीचा त्रास मात्र कोबीपेक्षा पुष्कळ कमी. कारण ह्या झाडात दोन-दोन तिखट-कडू हत्यारं आहेत. एक मोहरीचं, पान चुरगळलं की दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली द्रव्यं एकत्र येऊन तो नाकाला झोंबणारा तिखटपणा तयार होतो, मोहरी फेसताना होतो तोच. पण कोबीवरच्या किड्यांना त्याची सवय झालेली, उलट त्या वासावरच ते येतात. म्हणून पांढऱ्या कँडीटफ्टमध्ये दुसरं हत्यार, कुकुरबिटासिन, म्हणजे कडू दुधीत आणि कडू काकडीत असतंय ते, त्याच्यामुळं कोबीवर अंडी घालणारं पांढरं फुलपाखरूसुद्धा ह्याला टाळतंय. तेव्हा नावात कँडी आहे म्हणून फूल केकवर लावणं, सॅलडमध्ये टाकणं असले प्रयोग करू नका, आणि लहान पोरांनाही सांगून ठेवा. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दवाखान्यात गेलेल्या बातम्या आपण वाचतोच की.

फुलं संपत आली की

पहिला बहर ओसरला की पूर्ण झाड वरनं एक तृतीयांश कापा, बाजूच्या फांद्या फुटून परत गुच्छ येतात, पहिल्याएवढे मोठे नाहीत पण येतात. शेंगा धरू दिल्या की झाडाला वाटतंय काम झालं, मग नवीन कळ्या थांबतात. फुलदाणीत ठेवायला कडेची फुलं उमलून मधे कळ्या आहेत असा गुच्छ सकाळी कापायचा, पाण्याखाली येणारी पानं काढायची आणि पाणी रोजच्या रोज बदलायचं, कोबीच्या भावकीतलं आहे, पाणी लवकर वास मारतंय.

बी पाहिजे असेल तर मात्र चांगली चार-पाच झाडं जवळजवळ ठेवून ती कापू नका. एकटंच झाड ठेवून बी धरेल याची खात्री नाही, पांढऱ्या कँडीटफ्टचं तर माहितीच आहे की ते स्वतःचे पराग स्वतःला लागू देत नाही, १९५० च्या दशकात बेटमन नावाच्या शास्त्रज्ञानं ह्याच झाडावर ते तपासलं होतं. मधमाशीनं दुसऱ्या झाडाचे पराग आणले तरच बी, आणि म्हणूनच मिक्स रंगाचं घरचं बी पेरलं तर पुढच्या वर्षी तोच रंग मिळेल असं धरून चालू नका. शेंगा बदामी रंगाच्या झाल्या, हातात घेतल्यावर खुळखुळायला लागल्या की सकाळी दव असताना दांडे कापा, दुपारी हात लावलात तर शेंगेच्या दोन्ही वाट्या सुटून बी जमिनीवर आणि दांड्याला नुसते पडदे. कागदाच्या पिशवीत उलटे टांगून ठेवा, आठवड्यानं चोळा, पाखडा, पावसाळ्यात दमट हवेत बी लवकर मरतंय म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत, कागदावर नाव आणि वर्ष लिहून.

आणि ज्या वाफ्यात हे होतं तिथं पुढच्या हंगामात कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल, अलिसम ह्यातलं काहीच नको, मातीत राहिलेले रोग त्यांच्यावर चढतात. उन्हाळ्यात गवार, भेंडी घ्या, पुढच्या थंडीत मेथी नाहीतर वाटाणा टाका, आणि कँडीटफ्टसाठी दुसरा कोपरा शोधा.